पहिल्या बाकावरचं सूप

बसा, बसा. लाईट गेलीय, पण येईल. बेळगावच्या या अनगोळात संध्याकाळच्या वेळी ती एकदा तरी जाते आणि चहा होईस्तोवर परत येते, असा आमचा अनुभव आहे. हा कंदील तुमच्या बाजूला सरकवतो. मला अंधारात बोलायची सवय आहे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, शेवटच्या बाकावरची पोरं डोळे मिटूनच ऐकायची.

तर तुम्हाला गाडीतली पहिल्या बाकावरची खिडकी पाहिजे. तुम्ही पुण्याहून मुद्दाम आलात, आमच्या विजापूर-बदामी-कारवारच्या सहलीचं कुणीतरी कौतुक केलं म्हणून. पाय दुखतात, पुढं बसलेलं बरं पडेल. सगळं पटतं मला. पण ती जागा मी कुणालाच देत नाही. उद्या कलेक्टर आले तरी त्यांना दुसऱ्या बाकावर बसावं लागेल. तिथं एक सूप पालथं घातलेलं असतं. गाडी बघायला गेलात तेव्हा ते तुम्ही बघितलंत, आणि मास्तर सहलीला निघालाय की धान्य पाखडायला, असं तुम्हाला वाटलं असणार. रागावू नका. चहा येईस्तोवर कारण सांगतो, मग तुम्हीच काय ते ठरवा.

सुरुवात अगदी साधी आहे. दोन वर्षांमागं, आषाढाच्या शेवटी, मी निपाणीला गेलो होतो. तिथल्या एका गल्लीत बिडी वळणाऱ्या बायकांनी मिळून सहलीला यायचं ठरवलं होतं. कधी निघायचं, काय काय बघायचं, कोण काय खातं, कोण खात नाही, एवढं विचारून यायचं होतं. स्टँडवर उतरलो की तंबाखूचा वास नाकात शिरतो तो बेळगाव येईपर्यंत निघत नाही. गल्लीत रस्त्याला लागून एक लांब दगडी कट्टा आहे. त्यावर बायका ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं, हातात कात्री. पान कापायचं, तंबाखू भरायची, गुंडाळायचं, दोरा बांधायचा, तोंड मोडून मिटायचं. बोलणं एकीकडे चाललंय, हात दुसरीकडे चाललेत, आणि सगळ्या कट्ट्यावर कच कच कच असा एकच आवाज.

मी माझं भाषण सुरू केलं. आदिलशाही, गोलघुमट, बदामीच्या गुहा. चांगलं रंगात आलो होतो. तेवढ्यात टोकाला बसलेल्या एका वयस्कर बाईनं कात्री सुपाच्या काठावर दोनदा आपटली. ठक्... ठक्. आणि काय सांगू तुम्हाला, त्या कट्ट्यावरचे सगळे हात जागच्या जागी थांबले. पानं बोटांत तशीच, दोरे दातात तसेच. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "थांबले गं आक्का." आणि सगळ्यांच्या माना रस्त्याकडे वळल्या. तंबाखूच्या पोत्यांचा एक ट्रक मागं मागं येत होता. पोरं कुठं आहेत ते बायकांनी बघितलं, एकीनं उठून आपलं लेकरू उचलून आणलं, ट्रक गेला, आणि पुन्हा कच कच सुरू झालं.

ती मालुबाई. कट्ट्यावर सगळ्यांत थोरली. बोलतानासुद्धा बायकांचं हातातलं काम थांबत नाही, म्हणून तिनंच ही सवय लावलेली. कात्रीचे दोन ठोके पडले की हात थांबवायचे आणि आधी रस्त्यावर बघायचं. आमचा ड्रायव्हर भावकू त्याच गल्लीतला. लहानपणी त्याच आवाजावर जागीच थांबला म्हणून तो एकदा चाकाखाली येता येता वाचला. अजून सांगतो, "मास्तर, तो आवाज आला की माझं पाय मला इचारत न्हाईत."

मालुबाईनं मला जवळ बोलावलं. मध्ये दोनदा खोकली. तिचा खोकला चमत्कारिक होता, आधी एक बारीक शीळ घातल्यासारखा आवाज आणि मग दोन कोरडे ठसके. जन्मभर तंबाखूची धूळ छातीत गेलेली, दुसरं काय होणार.

"मास्तर, ते घुमट-बिमट ऱ्हाऊ द्या. समुद्राचा आवाज कसा असतोय?"

मी लाटा, भरती, ओहोटी असं पुन्हा सुरू केलं. तिनं हात वर केला.

"तुमी लई बोलता वो. ऱ्हाऊ दे. मी जाऊनच ऐकतो."

हो, 'ऐकतो'च म्हणाली. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, तुम्हा पुण्याच्या लोकांना गंमत वाटेल. सगळ्या हसल्या. तिच्या शेजारी तिची धाकटी जाऊ बसलेली, मनुबाई. ती म्हणाली, "खिडकीची जागा हिलाच द्या मास्तर, न्हाईतर सगळी वाट माझ्या डोस्क्यावर बसंल." मालुबाईनं तिच्या दंडाला कोपर मारलं. लग्न होऊन आल्यापासून दोघी एका चुलीवर भांडल्या आणि एका कट्ट्यावर शेजारी शेजारी बसल्या. मी खिडकीची जागा मालुबाईची असं कबूल करून आलो.

श्रावणात मालुबाई गेली. समुद्र न बघता.

मला वाटलं, सहल मोडली. पण नवरात्रानंतर निरोप आला की आम्ही येतोय. निघायच्या दिवशी पहाटे भावकू गाडी घेऊन कट्ट्यापाशी उभा राहिला, मी बायकांना चढवत होतो, आणि मनुबाई एक सूप उराशी धरून आली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं. पहिल्या बाकावर खिडकीपाशी तिनं ते पालथं ठेवलं आणि आपण शेजारी बसली.

त्या कट्ट्याची एक रीत आहे. बाई गेली की तिची कात्री तिच्याबरोबर चितेत देतात. सूप मात्र तिच्या जागेवर पालथं घालून ठेवतात, वर्षभर. ते कुणी कामाला घेत नाही, त्या जागी कुणी बसत नाही. सूप पालथं आहे याचा अर्थ बाईला आता काम नाही, तिनं विसावा घ्यावा. आणि ते चुकूनसुद्धा सुलटं करायचं नाही. सुलटं सूप म्हणजे 'ये, बस' असं बोलावणं.

गाडी निपाणीच्या बाहेर पडली, आणि मनुबाईनं सगळ्यांच्या देखत ते सूप उचललं आणि सुलटं करून ठेवलं.

मागच्या बाकावरची शालूबाई अर्धी उठली. ती मालुबाईच्या खालोखाल वयानं मोठी. "मने, काय केलीस हे? असं करत्यात व्हय?"

"आक्कानं समुद्र बघितला न्हाय," मनुबाई म्हणाली. "बघू दे. बघून झाला की पालथं घालतो."

"ते तुझ्या हातात हाय व्हय? एकदा बोलावलं की..." शालूबाईनं पुढचं वाक्य गिळलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

खरं सांगू का, मला ते आवडलं. आपलं माणूस गेलं तरी त्याची ठरलेली जागा त्याला द्यायची, यात मला काही वावगं दिसेना. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता. आता विचाराल तर... थांबा, क्रमानं सांगतो.

विजापूरला पोचलो. गोलघुमटाचा जिना अरुंद आणि उंच. बायका बसत उठत, एकमेकींना शिव्या घालत वर चढल्या. तुम्ही गेला असाल तर ठाऊक असेल, वर घुमटाच्या आत गोल सज्जा आहे. तिथं एक टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा ऐकू येते, दर वेळी थोडी बारीक होत. प्रत्येकीनं आपलं नाव घेऊन बघितलं. नवऱ्याची नावं घेऊन बघितली, लाजल्या. मग मनुबाई सूप काखेत धरून कठड्याशी गेली आणि जरा घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आक्काऽ..."

घुमटानं ते घेतलं. आक्का, आक्का, आक्का. फिरत फिरत बारीक झालं, आणि संपलं. पारवे फडफडले ते पण बसले.

आणि मग समोरच्या बाजूनं, जिथं आमच्यातलं कुणीच नव्हतं, एक बारीक शीळ आली. तिच्यामागून दोन कोरडे ठसके.

ते घुमले नाहीत. तेवढंच मला अजून कळत नाही. तिथं नुसता रुमाल झटकला तरी घुमतो. तो खोकला मात्र एकदाच आला, जवळून आल्यासारखा, आणि थांबला.

शालूबाईनं हात जोडले. मनुबाई मात्र हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जिना उतरताना ती सुपाशी हळू बोलत होती. "दमलीस व्हय गं... हळू उतर. पायऱ्या वंगाळ हायत."

त्यानंतर बदामी झाली. तांबड्या दगडाच्या गुहा, खाली तलाव. मी माझं काम केलं, माहिती सांगितली, पण माझं लक्ष गाडीकडे होतं. गाडीत तंबाखूचा वास यायला लागला होता. तुम्ही म्हणाल, बिडीवाल्या बायका, त्यांच्या लुगड्यांना वास असणारच. मलाही तसंच वाटलं होतं. पण हा वास सुक्या तंबाखूचा नव्हता. पान मऊ पडावं म्हणून भिजवून ठेवतात ना, त्या ओल्या पानांचा आणि तंबाखूचा मिळून होतो तसा. कुणाच्याही पिशवीत पानं नव्हती. मी गमतीगमतीत विचारून घेतलं. शालूबाई म्हणाली, "सुट्टीला आलोय मास्तर, हितं कोण वळतंय बिड्या?" आणि म्हणता म्हणता तिची नजर पहिल्या बाकाकडे गेली. तिथल्या खिडकीची काच आम्ही बंद करायचो. थोड्या वेळानं बघावं तर चार बोटं उघडी.

भावकू गाडी चालवताना शीळ घालतो, तुम्हाला त्रास होईल इतकी घालतो. बदामीपासून त्याची शीळ बंद झाली.

हुबळीवरून घाट उतरून आम्ही कारवारला आलो. ऊन कलतीला लागलं होतं. वळणावर माडांच्या मधून पहिल्यांदा समुद्र दिसला आणि सगळी गाडी एकदम ओरडली. जन्मभर बसून काम केलेल्या त्या बायका, गुडघे धरून चालणाऱ्या. वाळूत पाय लागले मात्र, पोरींसारख्या पळाल्या. लुगडी भिजली, एकमेकींवर पाणी उडवलं, शालूबाई तर पाण्यातच बसली आणि उठायला तयार होईना. मी पुष्कळ सहली नेल्या, पण त्या दिवशी मला वाटलं, आपल्या हातून एक चांगलं काम झालं. मनापासून वाटलं.

मनुबाई पाण्यात गेली नाही. कोरड्या वाळूवर उभी राहिली आणि ते सूप तिनं दोन्ही हातांनी समुद्राकडे तोंड करून धरलं, बाळाला चंद्र दाखवतात तसं. किती तरी वेळ तशीच उभी होती. मी जवळ गेलो तेव्हा ती म्हणत होती, "ऐकलीस का? हा आवाज बग. मास्तरला सांगता आला न्हवता."

सूर्य पाण्यात गेला. शालूबाई लुगडं पिळत आली. "बघितला न्हवं तिनं? आता घाल पालथं. बोललीस तशी."

मनुबाईनं सूप छातीशी धरलं.

"घाल गं. तिला अडकवून ठेवू नगंस."

"उद्या घालतो."

"मने..."

"घरात गेलं की तिची जागा रिकामी, शालूबाई. कट्ट्यावर बसलं की रिकामी. मी कुणासंगट भांडू? एक रोज... एक रोज ऱ्हाऊ दे."

शालूबाईनं माझ्याकडे बघितलं. मी गाडीकडे वळलो. दुसऱ्या दिवशी परत निघालो तेव्हा सूप पहिल्या बाकावर होतं, सुलटंच.

परतीला आम्ही कद्र्याकडून अणशीच्या घाटानं वर चढत होतो. दुपार होती, पण परतीचा पाऊस आदल्या रात्रीपासून लागलेला आणि घाटात ढग उतरलेले. काचेपुढं पांढरं, दोन्ही बाजूंना पांढरं. झाडं एकदम समोर यायची आणि मागं जायची. डाव्या हाताला दरी होती, ती दिसत नव्हती, तिथून पाण्याचा आवाज येत होता. जेवून निघालेल्या बायका झोपल्या होत्या. मी भावकूशेजारी, मागच्या बाकांकडे तोंड करून बसलो होतो. माईक मांडीवर, बोलायची इच्छा नाही.

आणि आवाज सुरू झाला.

कच... कच... कच.

आधी मला वाटलं वायपर घासतोय. मग कळलं, आवाज गाडीच्या आतून येतोय. पहिल्या बाकावरून. सूप रिकामं होतं, मी त्याच्याकडेच बघत होतो. त्याच्यात काहीच नव्हतं. आणि कच कच चालली होती. मध्ये थांबायची, दोरा ओढल्यासारखी सरसर व्हायची, मग पुन्हा कच. ओल्या पानांचा वास इतका की घशात बसत होता. शेजारी मनुबाई जागी होती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

मी वाकून हळूच विचारलं, "मनुबाई... कात्री आणलीय काय तुम्ही?"

"न्हाय मास्तर..." तिचे ओठ नुसते हलले. "कात्री तिच्यासंगट गेली... जाळली आमी."

आवाज वाढला. भरभर, घाई घाईनं, काम संपवायचंय असा. खिडकीची काच आपोआप... नाही, आपोआप म्हणणार नाही. मी बघितली नाही. बघितलं तेव्हा ती उघडी होती आणि धुकं आत येत होतं. एक बारीक शीळ. दोन ठसके.

मग सगळं थांबलं.

ठक्... ठक्.

कात्री सुपाच्या काठावर.

मी ते दृश्य मरेपर्यंत विसरणार नाही. झोपलेल्या त्या सगळ्या बायकांचे हात मांडीवरून वर उठले आणि हवेत थांबले. डोळे मिटलेले, माना कलंडलेल्या, आणि हात पुढं, बोटं तशीच वळलेली. झोपेतच त्या एका सुरात म्हणाल्या, "थांबले गं आक्का."

आणि गाडी थांबली. भावकूनं करकचून ब्रेक दाबला होता. मी पुढच्या काचेवर आपटलो. मी वळून ओरडणार, तेवढ्यात त्यानं बोट पुढं केलं. समोर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. त्या पांढऱ्यात आधी छोटे खडे पडल्याचा आवाज आला, टपटप. मग झाडाचं मूळ तुटल्यासारखा. मग डोंगर खाली आला.

किती वेळ येत होता कोण जाणे. गाडी हादरत होती. तांबडा चिखल, दगड, अख्खी झाडं, सगळं रस्त्यावरून पलीकडे दरीत. चिखलाची जीभ बंपरला येऊन लागली आणि थांबली. मग पावसाचा आवाज परत ऐकू यायला लागला.

बायका जाग्या झाल्या. आपले हात असे वर कसे ते त्यांना कळेना. काय झालं ते समोर बघितल्यावर कळलं. कुणी रडलं नाही, ओरडलं नाही. भावकूनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि लहान पोराच्या आवाजात म्हणाला, "थांबलो गं आक्का." मग मात्र सगळ्यांना रडू आलं. मलासुद्धा. आम्ही सगळे वाचलो होतो. मी आज इथं बसून तुमच्याशी बोलतोय, या कंदिलाची वात वर करतोय, ते त्या बाईमुळं. मेल्यावरसुद्धा तिनं कट्ट्याचं काम सोडलं नाही. त्याबद्दल मी रोज हात जोडतो, आणि कुणी हसलं तरी मला फरक पडत नाही.

मनुबाई उठली. तिनं सूप हातात घेतलं आणि थबकली. सुपात एक बिडी होती.

मी तुमची शपथ घेतो, ते सूप रिकामं होतं. त्यात एक बिडी पडलेली, नीट वळलेली, तोंड मिटलेलं, दोरा ओला. मनुबाईनं दोऱ्याची गाठ बघितली. "आक्काचीच," ती म्हणाली. "ती डावरी. तिची गाठ उलटी पडायची." नखानं तिनं तोंड उघडलं आणि बिडी तळहातावर उपडी केली. तंबाखू नव्हती. वाळू पडली. कारवारची, पांढरट, बारीक.

मनुबाईनं आम्हा कुणालाही त्या वाळूला हात लावू दिला नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. समुद्र बघितल्याची पावती समजा. मग तिनं सूप उराशी धरलं, कपाळाला लावलं, आणि बाकावर पालथं घातलं.

"जा आक्का," ती म्हणाली. "लई उपकार झालं. आता जा. मी ऱ्हातो एकटी."

गाडी मागं घेत घेत आम्ही कद्र्याला उतरलो, आणि दुसऱ्या रस्त्यानं लांबून घरी आलो. निपाणीत उतरताना मनुबाई सूप तिथंच ठेवून गेली. "तिला फिरायची हौस हाय मास्तर. तुमच्या गाडीत असू दे. पालथंच ठेवा म्हणजे झालं." त्या दिवसापासून ते तिथं आहे. पालथंच. प्रत्येक सहलीला निघताना भावकू त्याला हात लावून पाया पडतो, घाट लागला की मी माईक बंद करतो. दोन वर्षांत काही झालं नाही. कच नाही, खोकला नाही, वास नाही. मनुबाईला वाटतं आक्का गेली, सुखानं गेली. मीही तसंच धरून चाललो होतो.

हो, आज सकाळपर्यंत.

तुमची सहल जवळ आली म्हणून भावकू सकाळी गाडी धूत होता. बाकावरची धूळ पुसायची म्हणून त्यानं सूप जरासं उचललं. खाली ही होती. थांबा, कंदील धरतो... ही बघा. हातात घ्या, काही होत नाही. दोरा ओला आहे ना? आणि गाठ बघा, उलटी. मी तोंड उघडलेलं नाही. मनुबाईला निरोप पाठवलाय, उद्या पहिल्या बसनं ती येईल, तिच्याच हातून उघडायची. मागच्या वेळी आत कोरडी वाळू होती. ही जरा जड लागते, नाही? फार दाबू नका... नरम आहे.

आली बघा लाईट. म्हटलं नव्हतं, चहा व्हायच्या आत येईल? कंदील विझवतो.

अहो, तुमची बोटं... नाही, घाबरू नका. रक्त नाही ते. माती आहे. घाटातली तांबडी माती.

द्या ती इकडे. मोरी त्या बाजूला आहे, हात धुऊन या. मी भावकूला फोन लावतो, आणि तुम्ही घरी सांगा की तारीख अजून ठरलेली नाही.